राख उपसायच्या आधी

ताई, माणसं सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर, स्वयंपाकघर आणि वरचा माळा जळालाय आणि उद्या सकाळी तालमीची पोरं साफसफाईला येणार, असं तुम्ही लिहिलंय. पोरांना चहा पाजा, पण फावडं लावू देऊ नका. नातेवाईक 'ते बघवत नाही, आधी आवरा' म्हणतील. म्हणू द्यात.

आधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ. मग महापालिकेच्या अग्निशमन दलाचा दाखला, पोलिस ठाण्यात जळिताची नोंद आणि तलाठ्यांचा पंचनामा. विमा असेल तर नुकसान मोजणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही हलवू नका. विमा नाही असं वाटत असलं तरी घरावर कर्ज असेल तर बँकेत विचारा, कर्जासोबत बऱ्याचदा पॉलिसी उतरवलेली असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो.

आग गॅसमुळे लागली असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर, नळी तशीच ठेवा आणि एजन्सीला लगेच लेखी कळवा. तेल कंपन्यांच्या विम्यातून नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत 2 लाखांपर्यंत भरपाई असते. एजन्सीवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही.

आता राखेचं. सोनं 1064 अंशांना वितळतं, त्यामुळे कपाटातले दागिने काळे पडले, वाकले तरी बहुधा राखेतच असतात. वितळले तरी सोनं कुठं जात नाही. कपाटाखालची राख वेगळ्या पोत्यात भरून चाळा. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत विचारलंत तर राख धुऊन सोनं काढणारे झारेकरी सापडतील, फक्त समोर उभं राहून धुऊन घ्या. जळून ठिसूळ झालेल्या नोटांचा गठ्ठा सोडवत बसू नका. डब्यात अलगद ठेवा. अशा नोटा साध्या बँकेत घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्याव्या लागतात.

कागदपत्रांची फार काळजी नको. आधार, पॅन परत मिळतं, प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेत, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र इथल्याच विभागीय मंडळात. घरफाळ्याची, म्हणजे मालमत्ता कराची जुनी पावती मात्र हुडका.

माळ्याची तुळई वरून काळी दिसते, आतून किती खाल्लीय ते इंजिनिअरनं बघितल्याशिवाय खाली झोपू नका. काजळी ओल्या फडक्यानं पुसू नका, भिंतीत मुरते. आधी कोरडी झाडा. वायरिंग पूर्ण नवं करा, अर्धं नाही.

सिलिंडर कुणाच्या नावावर आहे आणि घरावर कर्ज आहे का, एवढं लिहा. मग पुढचं सांगतो.