जुन्या ट्रकच्या स्टिअरिंगला वीतभर प्ले आहे, बॉक्स बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2005 ची टाटा 1613 आहे, पॉवर स्टिअरिंग नाही. वीतभर प्ले आहे, म्हणजे स्टिअरिंग तेवढं फिरलं तरी चाकं हलत नाहीत, आणि पन्नासच्या वर गेलं की पुढची चाकं थडथडतात. मिस्त्री म्हणतो स्टिअरिंगचा गिअर बॉक्स गेला, आणि पुढच्या महिन्यात आरटीओची फिटनेस तपासणी आहे.

मालक, बॉक्सला एवढ्यात हात लावू नका. आमची गाडी सोलापुरातली, सीझनभर ऊस आणि बाकीचे महिने हैदराबाद रोड. पहिल्या गाडीला मीही असाच ऐकीव बॉक्स टाकला होता. मोहोळ गाठेपर्यंत कळलं की प्ले होता तिथंच आहे. गेला होता ड्रॅग लिंकचा (बॉक्सकडून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. बॉक्सच्या पैशापुढं त्याची किंमत चिल्लर.

आधी प्ले कुठं मरतोय ते शोधा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, इंजिन बंद. पोराला केबिनमध्ये बसवा आणि सांगा, स्टिअरिंग फक्त प्लेपुरतं डावं-उजवं हलव, चाक वळवू नकोस. तुम्ही खाली शिरा. कॉलमचा क्रॉस (स्टिअरिंगच्या दांड्यातला सांधा) ढिला आहे का, बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतोय का, हे पहिल्यांदा बघा. बोल्ट ढिले निघाले तर काम पान्ह्यावर भागतं. मग ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा हात, बघा. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण आर्म गप्प आहे, तर तुमचा मिस्त्री बरोबर. आर्म लगेच हलतोय आणि चाक उशिरा, तर दोष पुढं आहे. एकेका बॉल जॉइंटला मूठ मारून धरा, अर्धी पिनवर आणि अर्धी आर्मवर. झिजलेला जॉइंट डोळ्याला दिसायच्या आधी तळहाताला ‘टक्’ करून लागतो. ग्रीस-मातीचा थर पुसल्याशिवाय मात्र काही कळत नाही.

आता पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली घोडी (टेकूचा स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. टायरखाली पहार घालून चाक वर उचला, मग वर-खाली धरून आत-बाहेर ढकला. खडखड झाली की पोराला ब्रेक दाबून धरायला सांगा (टाकीत हवा पाहिजे). ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर हबचं बेअरिंग ढिलं. तशीच राहिली तर किंगपिन (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) आणि तिचे बुश. तुमची चाकं थडथडतात म्हणजे माझा पहिला संशय किंगपिनवरच आहे. भरलेली गाडी कारखान्याच्या यार्डात जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग कचाकचा फिरवलं की सगळा ताण तिथंच येतो. त्यात काळी माती, आणि ग्रीसचा कंटाळा.

बदलताना टायरॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) एंड दोन्ही टाका. एकाचे आटे उलटे असतात, ते लक्षात ठेवा आणि काढताना फेरे मोजा. पिन निघत नसेल तर नटवर घाव घालून आटे मारू नका. आर्मच्या कानावर समोरासमोर दोन हातोडे ठेवून ठोका, पिनचा टेपर (निमुळता भाग) आपोआप सुटतो. गॅसनं तापवायचं नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. ड्रॅग लिंकला वेल्डिंग करून देणारा मिस्त्री मी पाहिलाय. त्याच्या दारात परत गाडी लावली नाही. नट कसल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी कसा, मागं ढिला करू नका. स्प्लिट पिन नवीनच.

किंगपिनचं काम घरी होत नाही. लॉक पिन आधी काढावी लागते. ती विसरून घण घालणारे कमी नाहीत. बुश बसवल्यावर वरचं-खालचं एका सरळीत रीमर करून (भोक नेमक्या मापाला आणून) घ्या आणि बुशचं भोक ग्रीस निप्पलच्या भोकाशी जुळलंय का ते स्वतः बघा. नाही जुळलं तर तुम्ही वर्षभर ग्रीस मारत राहाल आणि आत कोरडं. एक्सलचं भोकच मोठं झालं असेल तर नवीन किटनं काही होणार नाही, हेही तिथंच तपासा.

हे सगळं झाल्यावर थोडा प्ले उरला तरच बॉक्सवरचा प्ले कमी करायचा स्क्रू कसा, तोही चाकं सरळ ठेवून, पाव-पाव फेरा. जास्त कसलात तर वळणानंतर स्टिअरिंग परत येणार नाही, आणि त्यापेक्षा प्ले परवडला.

फिटनेसचं म्हणाल तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 98 व्या नियमात स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांपर्यंत चालतो, म्हणजे घड्याळातल्या एका तासाएवढा. वीतभर त्यात बसत नाही. बॉल जॉइंटवर रबरी टोप्याही लागतात, फाटक्या असतील तर त्याच वेळी बदला.

शेवटी टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत ठेवायचं माप) करून घ्या. आणि आत्ता, काहीही खोलायच्या आधी, पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा: एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं तर टो-इन आधीच बिघडलंय. कुठल्या बाजूनं लागतंय ते इथं लिहा.