लवकरच्या फेरीत कॉर्नेल की प्रिन्स्टन?

प्रश्न : आमची मुलगी नाशिकमध्ये बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. वनस्पतिशास्त्रात संशोधन करण्याची तिची इच्छा असून पदवीसाठी अमेरिकेला जायचे तिने ठरवले आहे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पूर्ण खर्च आम्हाला झेपणारा नाही. कॉर्नेल विद्यापीठाला ‘अर्ली डिसिजन’मधून, म्हणजे नियमित फेरीच्या आधीच्या लवकरच्या फेरीत, अर्ज केल्यास प्रवेशाची शक्यता बरीच वाढते, असे ओळखीतले लोक सांगतात. तिला प्रिन्स्टनही आवडते. लवकरचा अर्ज कुठे करावा?
— एक पालक, नाशिक

उत्तर : शक्यतेच्या आधी बंधनाचा विचार करावा लागेल. कॉर्नेलचा ‘अर्ली डिसिजन’ बांधील असतो. विद्यार्थिनी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या त्यावर होतात आणि प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेऊन तिथेच जावे लागते. प्रिन्स्टनच्या लवकरच्या फेरीत होकार आला तरी १ मेपर्यंत निर्णय घेण्याची मोकळीक असते. मात्र त्या फेरीत दुसऱ्या खासगी अमेरिकी विद्यापीठाला लवकरचा अर्ज करता येत नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एकच निवडावे लागेल.

लवकरच्या फेरीत प्रवेशाचे प्रमाण जास्त दिसते हे खरे, परंतु प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले याच फेरीत मोठ्या प्रमाणावर असतात, त्यामुळे त्या आकड्यावरून नाशिकच्या मुलीच्या वाट्याला काय येईल हे ठरवता येत नाही.

आपल्यासाठी निर्णायक बाब पैशांची आहे. अशा खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. प्रिन्स्टन परदेशी विद्यार्थ्यांचाही प्रवेश ठरवताना मदतीची गरज विचारात घेत नाही आणि प्रवेश दिल्यावर गरज पूर्ण भागवते. कॉर्नेलकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा निधी मर्यादित आहे आणि मदत मागितल्याचा परिणाम तिथे प्रवेशाच्या निर्णयावर होऊ शकतो. म्हणून मदत मागूच नये, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. प्रवेशाच्या वेळी न मागितलेली मदत पुढे मिळणे अनेक ठिकाणी शक्य नसते. कॉर्नेलने देऊ केलेली मदत खरोखर अपुरी असेल तर बंधनातून मोकळे होता येते, पण तेव्हा दुसऱ्या कुणाचा देकार तुलनेसाठी हाती नसतो.

त्यामुळे वर्षाला घरातून किती रुपये देता येतील, तो आकडा कर्जासह आधी कागदावर मांडा. बागायतदाराच्या घरी हे काम सोपे नसते, कारण अवकाळी पाऊस किंवा गारपीट एका हंगामाचे उत्पन्न पार बदलून टाकते. चांगल्या वर्षाचा आकडा धरून चालू नका. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने निव्वळ विवरणपत्रावरून परक्या कार्यालयाला आपले चित्र कळणार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, व्यापाऱ्यांच्या पट्ट्या आणि बँकेचे उतारे यांचे इंग्रजी भाषांतर जोडून, कोणत्या वर्षी नुकसान का झाले हे एका पानात सरळ लिहा.

यानंतर मुलीच्या मनाचा कौल पाहावा. कॉर्नेलमध्ये स्वतंत्र कृषी व जीवविज्ञान महाविद्यालय असून न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील त्यांच्या केंद्रात द्राक्षांच्या नव्या वाणांवर संशोधन चालते. प्रिन्स्टनमध्ये कृषी महाविद्यालय नाही. तिथे रेणवीय जीवशास्त्र आणि परिसंस्थाशास्त्राच्या वाटेने वनस्पतींकडे जावे लागेल. दोन्हीकडचे अभ्यासक्रम तिने स्वतः वाचावेत. प्रिन्स्टनने होकार दिला तरी मी कॉर्नेललाच जाईन, असे ती ठामपणे म्हणत असेल आणि आपला आकडा पक्का असेल, तरच कॉर्नेलच्या करारावर सही करा. मनात थोडी जरी शंका असेल, तर लवकरचा अर्ज प्रिन्स्टनला करून कॉर्नेलचा अर्ज जानेवारीच्या नियमित फेरीत भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रिन्स्टनला प्रवेश मिळणे फार अवघड आहे, हे मात्र तिला आधीच सांगून ठेवा.

दोन्हींची मुदत १ नोव्हेंबर असून निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. बारावीचे गुण तोवर हाती नसल्याने नववी ते अकरावीच्या गुणपत्रिका, शाळेचा अपेक्षित गुणांचा अंदाज आणि शिक्षकांची शिफारसपत्रे यांवरच भिस्त राहते. दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयाचे कार्यालय बंद असते, म्हणून प्राचार्यांकडे ही मागणी सप्टेंबरमध्येच लेखी द्या आणि शिफारस लिहिणाऱ्या शिक्षकांना निदान महिनाभराचा अवधी मिळेल असे पाहा.