आधी दुपटं, मग गोधडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गोधडी शिवायची ठरवलीस आणि घरच्यांना, मित्रांनाही सोबत घ्यायचं म्हणतोस. दोन्ही होईल, पण एका वेळी नको. आधी एकट्यानं एक दुपटं, म्हणजे बाळाची लहान गोधडी शिव, मग सगळ्यांसोबत मोठी. पलंगभर गोधडीत ओळी दीड सेंटीमीटरवर धरल्या तर दोनशे मीटरच्या वर धावदोरा पडतो. हात बसायच्या आत तिला भिडलास तर ती अर्ध्यावर माळ्यावर जाईल. दुपट्याला ४५ मीटर पुरतात. शिवाय चारजण भोवती बसले की प्रत्येकजण तुलाच विचारणार, ‘इथं फुगलंय, काय करू?’ एक दुपटं पुरं केलेल्यालाच त्याचं उत्तर देता येतं. (मुलगा असून सुई धरतोस म्हणून कुणी हसलं, तर त्याला गल्लीतला शिंपी दाखव.)

कापडापासून सुरू कर, कारण निम्म्या गोधड्या तिथंच बिघडतात. साडी सुती हवी आणि वापरून मऊ झालेली. ती उजेडासमोर धर. वीण विरळ दिसली तर तो भाग आतल्या थराला जाईल. दोन अंगठ्यांत धरून ताण. चर्रकन फाटली तर आतही घालू नकोस, कारण कुजलेलं कापड चार धुण्यांत सुटतं आणि त्याचे गोळे होऊन एका कोपऱ्यात जमतात. नायलॉन, जॉर्जेट बाजूला ठेव: ते टाक्याखालून सरकतं आणि घाम टिपत नाही. जरीची तार अंगाला टोचते. कोरं कापड वापरायचंच असेल तर आधी दोनदा धुऊन घे, नाहीतर पहिल्या पाण्यात ते आटतं, जुनं आटत नाही आणि ठिगळाभोवती कायमच्या चुण्या पडतात. लाल, गडद निळा, काळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो या भरवशावर राहू नकोस. फडक्याला रंग लागला तर ते कापड त्या गोधडीत नकोच.

साडी दुसऱ्याची असेल तर कात्री लावण्याआधी विचार. आजीनं ‘घेऊन जा’ म्हटलं तरी कुठला भाग कापू आणि कुठला ठेवू, हे तिलाच दाखवू दे. पुष्कळदा तिला पदर ठेवायचा असतो आणि ती ते आपणहून सांगत नाही.

आता दुपटं. मोजमाप ७५ बाय ९० सेंटीमीटर. साडेपाच मीटरच्या साडीचे दोन्ही काठ लांबीभर सोडवून घे. काठाला तीन-चार सेंटीमीटर साधं कापड राहू दे. पदर बाजूला ठेव. उरलेल्या पन्ह्यातून (रुंदीतून) ८० बाय ९५चे पाच तुकडे निघतात: एक तळाला, दोन आत, एक वर, पाचवा आणि पदर ठिगळांना. आतले दोन तुकडे कापून ७५ बाय ९० कर, म्हणजे कडा दुमडताना जाड होणार नाही. ठिगळं उभ्या-आडव्या धाग्यावर काप. उरेब (तिरकं) कापलेलं ठिगळ शिवताना ताणलं जातं आणि त्याचा चौकोन राहत नाही.

अंथरणं हे शिवण्याहून महत्त्वाचं, आणि लोक नेमकी तिथंच घाई करतात. तळाचा तुकडा उलटा करून फरशीवर पसर आणि कोपऱ्यांवर वजन ठेव. तळहातानं मधून कडेकडे सारख. ताणू नकोस, फक्त हवा काढ. प्रत्येक थराला हेच कर. मग कच्चा टाका घाल: टाका पाच-सहा सेंटीमीटरचा, ओळी वीतभर अंतरावर, सुरुवात मध्यापासून. त्यानंतर तळाची आणि वरची कड अडीच सेंटीमीटर आत दुमडून समोरासमोर आण आणि कच्चीच टाच.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घे. दाभण नको, त्याची भोकं जुन्या कापडात बुजत नाहीत. दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा स्वतः तुटत नाही, पण जीर्ण सूत चिरू शकतो. दुपट्याला दुहेरी दोऱ्यानं शिवताना सव्वाशे मीटरचं एक रीळ हाताशी ठेव. एका वेळी हातभरच दोरा ओवायचा. लांब ओवला की पीळ बसून गाठी होतात, आणि कापडातून वारंवार ओढला गेल्यानं शेवटचा वीतभर दोरा पिंजून जातो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घे. तान्ह्या बाळाचं दुपटं असेल तर गाठच नको, दोन बारीक उलटे टाके पुरतात. बटण, मणी, टिकली यातलं काही लावू नकोस. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) घाल. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटेल, तरी काढू नकोस.

ओळी आखायला साबणाची चिपटी घे, बॉलपेन नको. पहिल्या दुपट्यात उभ्या सरळ ओळी घाल, मध्यापासून दोन्ही कडांकडे. गावाकडं गोधडी कडेनं सुरू करून गोल फिरत मध्यावर आणतात. ती रीत देखणी, पण तिच्यात सगळं ढिलं कापड मध्यापाशी गोळा होतं आणि नवख्या हाताचा तिथं फुगा येतो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा झाला तर उत्तम, गव्हाएवढा झाला तरी चालेल. एकसारखा असला म्हणजे झालं. दोरा ओढल्यावर कापडाला सुरकुती पडली तर तू जास्त ओढतोयस. चार-पाच टाके सुईवर घे, दोरा ओढ, मग अंगठ्यानं ओळ मागं सारखी कर. एवढं करूनही दुपटं लांबी-रुंदीत दोन-तीन सेंटीमीटर आखडेलच, त्याची काळजी नको.

दुपटं झालं की मंडळींना बोलाव. तयार वस्तू दाखवून माणसं शिकत नाहीत, सुई हातात आली की शिकतात. मोठ्या गोधडीचं माप १५० बाय २१० धर. वरचा थर २० सेंटीमीटरच्या चौकोनांचा कर, आडवे सात, उभे दहा, म्हणजे सत्तर चौकोन. भोवती पाच सेंटीमीटर काठ. इथंच दूरच्यांनाही सामील करता येतं. मात्र ‘वीस सेंटीमीटरचा तुकडा पाठवा’ एवढंच सांगशील तर सत्तर वेगळ्या मापांचे तुकडे येतील. २२ सेंटीमीटरचा पुठ्ठा कापून प्रत्येकाला एक दे किंवा पोस्टानं पाठव. एक-एक सेंटीमीटर शिवणीत जातो. लहान मुलांना रंग मांडायला बसव, ती बिचकत नाहीत. ज्यांची नजर कमी झालीय त्यांच्यासाठी दहा सुया आधीच ओवून उशीला टोचून ठेव.

खालचे तीन थर दोन साड्यांत बसतात: सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर पाच पट्ट्या (पाचवी दोन्ही साड्यांचे उरलेले तुकडे जोडून), प्रत्येक थराला दीड पट्टी. फक्त एका थराचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ देऊ नकोस, एकाचा डावीकडे घे, दुसऱ्याचा उजवीकडे. तिन्ही एकावर एक आले तर सुई तिथं अडते आणि आयुष्यभर झोपणाऱ्याच्या बरगडीला लागते.

शिवायला चारजण चार बाजूंनी बसा आणि चौकटीत चौकट अशी आत या. प्रत्येकाचा हात वेगळा, एकाचा घट्ट, एकाचा सैल. घट्ट हात एकाच बाजूला राहिला तर गोधडी त्या अंगाला आखडून तिरकी होते. म्हणून दर तासाला जागा बदला. चौकट पुरी झाली की सगळ्यांनी हात थांबवून मधलं कापड पुन्हा सारखं करायचं. बारीक फुगा आलाच तर चुणी घालून वर ठिगळ लाव. ठिगळ हा काही गोधडीचा दोष नव्हे. आणि कुणाचा टाका उसवू नकोस, वाकडा असला तरी. उसवावं ते फक्त सुटणारं. लोक वाकड्या टाक्यामुळं नाही, तो उसवला गेल्यावर यायचे बंद होतात.

उन्हाळ्यात बस. सुट्ट्या असतात, फरशी कोरडी असते, आणि नवरात्राआधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं तेव्हा तुझी गोधडी तयार असते. पहिलं धुणं वेगळं, थंड पाण्यात. पिळा देऊ नकोस, दाबून पाणी काढ. ओल्या गोधडीचं वजन एका दोरीवर टाकलं तर मधल्या ओळीचे टाके ताणतात, तेव्हा दोन दोऱ्यांवर पसरून वाळव.

दुपट्याच्या साडीचे काठ जपून ठेव. दोन्ही मिळून अकरा मीटर भरतात, आणि मोठ्या गोधडीच्या कडेला दुमड धरून साडेसातच लागतात.