५! म्हणजे १२० कसे? गणितातले आणि लिखाणातले उद्गारचिन्ह

गणितात संख्येनंतर आलेले ! म्हणजे क्रमगुणित: त्या संख्येपासून १ पर्यंतच्या सर्व पूर्ण संख्यांचा गुणाकार. ५! = ५×४×३×२×१ = १२०. हे चिन्ह गणितज्ञ ख्रिस्तियान क्राम्प यांनी १८०८ मध्ये वापरले.

उपयोग मांडणी मोजायला. क, म, ल ही अक्षरे ३! = ६ प्रकारे लागतात: कमल, कलम, मकल, मलक, लकम, लमक. 'कनक'मध्ये मात्र क दोनदा आहे, म्हणून ३! ला २! ने भागायचे, उरतात तीनच. परीक्षेत हा भागाकार हमखास विसरला जातो.

०! = १, शून्य नव्हे. कारण १! = १×०!; ०! शून्य धरले तर १! सुद्धा शून्य होईल.

चुका कंसात होतात. २×३! = १२, पण (२×३)! = ७२०. आणि ५!! म्हणजे दोनदा क्रमगुणित नाही; एक सोडून एक संख्या घ्यायची: ५×३×१ = १५.

चिन्ह संख्येआधी असेल तर अर्थच बदलतो. !४ = ९: चार पत्रे चार पाकिटांत अशी घालायची की एकही आपल्या पाकिटात नको, त्याचे नऊ प्रकार. संगणकाच्या बऱ्याच भाषांत != म्हणजे 'बरोबर नाही'.

मराठी लिखाणात ते भावना दाखवते: 'अरेरे!', 'शाब्बास!' एकच पुरते. वाक्य संख्येवर संपत असेल तर तिथे ते टाळा. 'उत्तर आले ६!' हे ७२० असेही वाचले जाते.