नव्या स्पोर्ट्‌स कारचा कडकपणा

प्रश्न : नुकतीच स्पोर्ट्‌स कार घेतली. वेग सुखावतो, परंतु रस्त्यातील प्रत्येक खाच पाठीला जाणवते. शिवाय आरंभी इंजिन ताणू नये, असे पुस्तिकेत म्हटले आहे. ते पाळावेच का?

उत्तर : कडकपणा हा दोष नव्हे. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा ताठ ठेवलेल्या असतात आणि टायरची बाजू आखूड असल्याने धक्का शोषण्यास तेथे रबर व हवाही कमीच असते. सूचना मात्र अवश्य पाळावी; पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीशी नीट जुळेपर्यंत इंजिन दर मिनिटाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत नेऊ नये आणि एकाच वेगाने दीर्घकाळ चालवणेही टाळावे. नव्या टायरांची पकडसुद्धा आरंभी अपुरी असते, हे उत्साहाच्या भरात (आणि तो स्वाभाविकच आहे) सहज विसरले जाते.