शिट्टी हाती घेताना : फुटबॉल पंचगिरीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय २८. बरीच वर्षं स्टॉपर (बचावफळीतला मधला खेळाडू) म्हणून खेळलो. गुडघ्यामुळे आता पूर्ण सामना निघत नाही. पंच व्हायचं आहे. उशीर झाला का? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

जिल्हा आणि राज्य पातळीसाठी उशीर झालेला नाही. आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत नाव लागायला किमान वय २५ लागतं. तिथवर जाणारी मुलं सोळा-सतराव्या वर्षीच शिट्टी धरतात, त्यामुळे ती वाट तुमच्यासाठी अवघड आहे.

आधी गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पंच झालो की कमी पळावं लागेल, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या सामन्यात मुख्य पंचाचं पळणं दहा किलोमीटरच्या आसपास जातं. त्यात उलटं पळणं, एकदम थांबणं आणि वळणंही आलं, आणि दुखरा गुडघा नेमका तिथेच बोलतो. डॉक्टर नको म्हणाले, तर सामना निरीक्षक किंवा स्पर्धेच्या व्यवस्थापनाची वाट धरा. तिथेही जाणत्या माणसांची गरज असते.

गुडघा साथ देत असेल तर जिल्हा फुटबॉल संघटनेकडे पंच परीक्षेसाठी नाव द्या. राज्याचं काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते आणि वरच्या श्रेणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे असतात. परीक्षेत नियमांचा पेपर, पळण्याची चाचणी आणि मैदानावरचं काम, तिन्ही पाहिलं जातं. नियम एकूण १७ आहेत. फुटबॉलचे नियम ठरवणारी जागतिक संस्था ‘आयएफएबी’ ते दरवर्षी सुधारून संकेतस्थळावर फुकट देते. मित्राकडची जुनी झेरॉक्स वापरू नका. गोलकीपरने चेंडू हातात किती वेळ धरायचा, हेच पाहा. पूर्वी सहा सेकंद होते आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) होती. १ जुलै २०२५ पासून आठ सेकंद आणि शिक्षा कॉर्नरची. शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे असतात.

खेळलेल्या माणसाला खेळ कळतो, पण पंचाची नजर त्याला नव्याने घडवावी लागते. खेळाडू चेंडू बघतो. पंचाने चेंडूसोबत त्याच्या भोवतीचे पाय, कोपर आणि जर्सी ओढणारे हात बघायचे असतात. उंच चेंडू हवेत असताना वर बघत राहिलात, तर खाली झालेला धक्का निसटलाच म्हणून समजा. दुसरी खोड शिट्टीच्या घाईची. फाउल झाला तरी दोन-तीन सेकंद थांबा. ज्याच्यावर फाउल झाला त्याच्या संघाला फायदा मिळत असेल तर खेळ चालू द्या, नाही मिळाला तर मागे येऊन फ्री किक द्या. डिफेन्सला खेळलेल्यांची आणखी एक सवय म्हणजे ऑफसाइडसाठी आपसूक हात वर जाणं. ऑफसाइडच्या जागी (प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात, चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढे) उभं राहणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेणं हा गुन्हा आहे. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट चेंडू आला तर ऑफसाइड नाही. खेळाडू शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असला तरी नाही. ऑफसाइड ठरवताना खेळाडूचे हात आणि बाहू मोजायचे नाहीत. हाताची हद्द बगलेच्या तळापासून सुरू होते.

प्रश्न : फिटनेस चाचणीची तयारी सोलापूरच्या उन्हात कशी करावी? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

फिफाच्या पुरुष पंचांचं माप समोर ठेवा. ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत, मध्ये साधारण मिनिटभर उसंत. मग काही मिनिटांच्या विश्रांतीनंतर ७५ मीटर पळणं १५ सेकंदांत आणि २५ मीटर चालणं १८ सेकंदांत, असं चाळीस वेळा. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या. जिल्ह्याच्या परीक्षेत वेळ सैल असू शकते, ती आधी विचारून घ्या.

पहिल्या महिन्यात ७५ मीटरला १८ सेकंद आणि चालायला २५ सेकंद घ्या, आणि फक्त चार फेऱ्या करा. मग दर आठवड्याला एक फेरी वाढवा. दहा फेऱ्या निघू लागल्या की मगच वेळ कमी करा. नापास होणारे बहुतेक सुरुवातीला १३ सेकंदांत पळून दम घालवतात. १५ सेकंद दिलेत तर साडेचौदा घ्या. शिट्टीचा आवाज मोबाइलवर लावून सराव केला की लय बसते.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी साडेसातच्या आत आटपा. काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं आणि त्यात घोटा मुरगळतो, म्हणून वेगाच्या धावा सपाट, दाबलेल्या जमिनीवरच करा. पावसाळ्यात तीच माती बुटाला चिकटून पाय जड करते.

सामना घेतानाही ऊन विसरू नका. नियमांत दोन प्रकारचे थांबे आहेत: पाण्यासाठी जास्तीत जास्त एक मिनिट आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं. ते स्पर्धेच्या नियमावलीत आहेत का, हे सामन्याआधी आयोजकांना विचारा. तो वेळ हाफच्या शेवटी भरून द्यायचा.

प्रश्न : पंचाने सोबत काय काय ठेवावं? (एक वाचक, होटगी रोड)

दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, नाणं, दोन्ही कार्डं, वही, पेन्सिल, हवा मोजायचा गेज. शिट्टी गोटी नसलेली घ्या; घाम आणि धूळ बसली की गोटी अडकते. पेन्सिल अशासाठी की पावसात पेनची शाई पसरते. लाल आणि पिवळं कार्ड वेगवेगळ्या खिशांत असावं. चेंडूत हवा ०.६ ते १.१ वातावरणदाब, परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर.

कार्ड दाखवलं की नंबर, संघ आणि मिनिट लगेच लिहा. २००६ च्या विश्वचषकात क्रोएशिया–ऑस्ट्रेलिया सामन्यात इंग्लंडचे ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्यालाच तो बाहेर जायला हवा होता. पोल यांनी ती नोंद ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरवर केली होती. शिमुनिचचा नंबरही ३ होता. म्हणून नंबरआधी संघ लिहायची सवय लावा.

मैदान निदान पाऊण तास आधी फिरून पाहा. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेले नसतील तर सामना सुरू करू नका, लहान मुलांच्या अंगावर ते पडतात. रेषांसाठी कळीचा चुना वापरू देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. फक्की चालते.

प्रश्न : खेळाडू, मग पंच, मग पदाधिकारी असा प्रवास कुणी केला आहे? (एक वाचक, विजापूर रोड)

सर्वांत मोठं नाव सर स्टॅनली राउस यांचं. इंग्लंडमध्ये हौशी गोलकीपर होते, मनगट मोडलं आणि खेळणं सुटलं. मग ते पंच झाले. १९३४ ची एफए कपची फायनल त्यांनी घेतली आणि त्याच वर्षी ते इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. १९३८ मध्ये नियम नव्याने लिहून काढण्याचं काम त्यांचं. १९६१ ते १९७४ ते फिफाचे अध्यक्ष होते. मुख्य पंचाने मैदानाच्या कर्णावर पळायचं आणि दोन्ही लाइन्समननी (सहायक पंचांनी) समोरासमोरचे दोन अर्धे सांभाळायचे, ही आज गल्लीतल्या स्पर्धेतही दिसणारी पद्धत त्यांनीच रुजवली. आमच्या मते अध्यक्षपदापेक्षा त्यांची हीच देणगी मोठी आहे.

इटलीचे पिएरलुइजी कोलिना स्थानिक संघात डिफेन्सला खेळायचे. १९७७ मध्ये पंचांचा कोर्स केला, २००२ च्या विश्वचषकाची फायनल घेतली आणि २०१७ पासून फिफाच्या पंच समितीचे अध्यक्ष आहेत. आपल्याकडे गोलकीपर कल्याण चौबे मधली पायरी न चढता २ सप्टेंबर २०२२ रोजी महासंघाचे अध्यक्ष झाले. त्यांनी भारताचा माजी कर्णधार भाईचुंग भुतियाला ३३ विरुद्ध १ मतांनी हरवलं.

प्रश्न : मुलींना पंच होता येतं का? (एक वाचिका, बार्शी)

हो. नियम आणि परीक्षा तीच, धावण्याची वेळ वेगळी. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आधी खेळाडू होत्या. २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात त्या सहायक पंच होत्या.

प्रश्न : क्लबचा सचिवही आहे आणि पंचही. दोन्ही चालतं का? (एक वाचक, पंढरपूर)

आपल्या क्लबचा सामना घेऊ नका. त्याच गटातल्या, तुमच्या क्लबच्या स्थानावर परिणाम करणाऱ्या सामन्यांतूनही बाजूला व्हा, आणि हे नेमणुकीआधी लेखी कळवा. निर्णय बरोबर असला तरी शंका उरतेच, आणि ती पुढे पंचाच्या नावाला चिकटते.

पदाधिकारी म्हणून कागद सांभाळा. निवडणूक घटनेप्रमाणे, वेळेवर घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केलं, त्याच्या मुळाशी रखडलेली निवडणूकच होती. निलंबन दहा-बारा दिवसांत उठलं, पण तोवर भारतात भरणारा मुलींचा विश्वचषक धोक्यात आला होता.

पंचाचा अहवाल त्याच रात्री लिहा. ‘खेळाडूने गैरवर्तन केले’ एवढ्यावर शिस्त समितीला काहीच करता येत नाही. मिनिट, नंबर, चेंडू खेळात होता की नव्हता, मार कुठे आणि कशाने लागला, हे लिहा. शिवी दिली असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे. ‘बहुधा’, ‘मुद्दाम’ असे शब्द टाळा, आणि स्वतः न पाहिलेली गोष्ट कुणी सांगितली ते नोंदवा.