आखाजीला पत्ते खेळणारी जळगावची मुलगी पोकरमध्ये करिअर करू शकेल का?

करू शकेल, पण तीन पत्तीच्या सवयीवर नाही. भारताच्या निकिता लूथरने 2018 मध्ये जोडीदारासोबत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या जागतिक स्पर्धेचं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याचं मानाचं कडं, जिंकलं; अमेरिकेच्या व्हॅनेसा सेल्ब्स्टकडे अशी 3 आहेत.

पाया गणिताचा. पॉटमध्ये, म्हणजे डावावर जमलेल्या रकमेत, 3000 चिप्स, समोरच्याने 1000 लावल्या. तुम्ही 1000 देऊन, तुमचे धरून, 5000 साठी लढता, म्हणजे जिंकायची 20 टक्के शक्यता हवी. फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं) एकच पान कमी असेल तर न दिसलेल्या 47 पैकी 9 पानं कामाची, पुढच्या पानाला 19 टक्के. अगदी काठावर!

खेळाडू मोडतात ते बहुधा पैशाने. चांगली खेळणारीही सलग कित्येक टुर्नामेंट हरते, म्हणून 100 प्रवेश शुल्कांइतकी रक्कम घरखर्चापासून वेगळी ठेवा. 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. आता गोव्याचे कॅसिनो किंवा परदेश.